कागदावरची धाकटी

लिफ्टच्या मेकॅनिकच्या पगारातून अकरा महिने दोन मुलींची पोटगी कापली जात होती. मुलगी त्याला एकच होती.

चूक नवराबायको दोघांचीही होती. वेगळे झाल्यावर त्यांनी बोलणं टाकलं होतं आणि मुलीच्या नोंदणीचा अर्ज समोरचा भरणार नाही, याची दोघांनाही पक्की खात्री होती. म्हणून दोघांनीही भरला. पोटगीच्या कचेरीने दोन अर्ज म्हणजे दोन मुली असा सरळ हिशेब केला.

बिचाऱ्याचं खोलीचं भाडं थकलं. महिन्यातून दोन रविवार लेक भेटायची, तेव्हा तो आइस्क्रीम एकच घ्यायचा आणि आपलं पोट भरलंय म्हणून सांगायचा. उरलेल्या रविवारी त्याला खोली खायला उठायची.

तो कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईंनी दुसरी मुलगी नसल्याचा दाखला मागितला.

"नसलेल्या मुलीचा दाखला कोण देणार, बाई?"

"ते तुम्ही बघा."

त्याने हातापाया पडून शाळेकडून लिहून आणलं, की अशी दुसरी मुलगी आमच्या पटावर नाही. आठवड्याने त्याला नोटीस आली: धाकटीला शाळेत का घातलं नाही, याचा खुलासा करावा. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी बायकोच्या सहीवाचून गत्यंतर उरलं नाही. वर्षभराने त्याने तिला फोन केला. दुसऱ्या मुलीचं सगळं सांगितलं.

"मला वाटलं, तू आपणहून जास्त पाठवतोयस," ती म्हणाली. "पोरीच्या दातांना तारा बसवल्या त्यातून. बाबांनी बसवल्या, असं सांगत फिरते सगळ्यांना."

तिने सही मात्र मुकाट्याने केली. त्याला ते जास्त लागलं.

अर्ज घेऊन तो पुन्हा खिडकीशी उभा राहिला. बाईंनी शिक्का उचलला.

"हे मंजूर झालं, की धाकटीचे रविवार रद्द होतील."

"कसले रविवार?"

"भेटीचे. दर मुलीमागे महिन्याला दोन." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "अकरा महिन्यांत तिला एकदाही भेटला नाहीत. कसले हो बाप तुम्ही?"

मेकॅनिकने बोटांवर रविवार मोजले: दोन थोरलीचे, दोन धाकटीचे, म्हणजे महिन्याचे चार. मग भाडं आठवलं, घरमालक आठवला. पुन्हा रविवार मोजले.

"अर्ज परत द्या, बाई," तो म्हणाला. "रुसली असेल पोर."