दारावरचे साहेब

माणसाला देह, बुद्धी आणि स्वभाव या तीन गोष्टी जन्मतः मिळतात. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे दारावरची पाटी, त्याला पुढे पैसे देऊन करून घ्यावी लागते. पहिल्या तीन गोष्टींवाचून अनेकांचं आयुष्य सुखात गेल्याची उदाहरणं आहेत. पाटीवाचून मात्र कुणाचंच भागत नाही. निदान पाट्या करणाऱ्याचं तरी भागत नाही.

हा विचार ज्या गृहस्थांचा, ते त्या दुपारी आपल्या दुकानात पितळी पाट्यांच्या ढिगाशेजारी नातीला मांडीवर घेऊन बसले होते. नात अजून मान धरत नव्हती. तिला नाव नव्हतं आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्या आईची, म्हणजे गृहस्थांच्या एकुलत्या एका मुलीची, जिला घरचे आणि बाहेरचे सगळे 'साहेब' म्हणत. दुसऱ्या दिवशी त्या दुकानाचं शटर उघडणार नव्हतं. पण हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे बाप-लेकीचं नेहमीसारखं भांडण चाललं होतं.

भांडण समजायचं तर आधी वडिलांचं पाटीशास्त्र समजून घ्यावं लागेल.

वडिलांनी हयातभर लोकांच्या दारांवरच्या पाट्या कोरल्या. त्यांच्या पाहणीनुसार शंभरातल्या चौऱ्याण्णव पाट्या पुरुषांच्या असतात. उरलेल्या सहांपैकी तीन दातांच्या डॉक्टरणींच्या, दोन शिवणक्लासच्या आणि एक कुत्र्याची. (कुत्र्याच्या पाटीवर कुत्र्याचं नाव नसतं, नुसतं 'सावध' असतं, पण दरारा असल्यामुळे ती हिशेबात धरली आहे.) बाकी बायकांची नावं पाटीवर आलीच तर तळाशी, बारीक अक्षरांत येतात. गिऱ्हाईक जाता जाता दारातून वळून म्हणतं, "आणि जागा उरली तर खाली हिचं टाका." वडिलांच्या अनुभवात जागा क्वचितच उरत असे.

याहून मोलाचं निरीक्षण पुढे आहे. नवरा वारला तरी बायका पाटी बदलत नसत. उलट घासूनपुसून, काळा रंग पुन्हा भरून घ्यायला दुकानात घेऊन येत. "असू दे," म्हणत, "येणाऱ्याजाणाऱ्याला काय ठाऊक." यावरून वडिलांनी सिद्धांत मांडला की, दारावर पुरुष असणं आवश्यक आहे, तो घरात असणं आवश्यक नाही.

मुलगी झाली तेव्हा ते या सिद्धांताच्या पुढच्या पायरीवर गेले. पुरुष घरात नसला तरी चालतो, मग तो मुळातच नसला तर काय बिघडलं? त्यांनी मुलीला पुरुषाचं नाव ठेवलं. मुलाला चालेल आणि मुलीलाही चालेल असल्या मधल्या नावांवर त्यांचा विश्वास नव्हता. अशी नावं त्यांना दोन्ही पायांत जाणाऱ्या चपलेसारखी वाटत. जाते, पण चालवत नाही. त्यांनी निवडलेलं नाव चांगलं भारदस्त होतं. नुसतं ऐकलं तरी मिशी आणि पोट दोन्ही डोळ्यांपुढे उभं राहावं असं. मग त्यांनी घराच्या दारावरची स्वतःची पाटी उतरवली आणि मुलीची चढवली.

"आणि माझं नाव?" आईने विचारलं होतं.

"जागा उरली तर."

वडिलांना आयुष्यात हा एकच विनोद येत असे आणि आईला तो एकदाही आवडला नाही.

परिणाम मात्र ताबडतोब दिसले. पाण्याच्या मोटारीची जी तक्रार वडिलांच्या नावाने धूळ खात पडली होती, ती नव्या नावाने गेली आणि दुपारच्या आत माणूस हजर झाला. साहेब तेव्हा रांगत होते. जिन्यात मोठ्याने गाणी लावणाऱ्या पोरांना कुणीतरी परस्पर दम दिला, की वरच्या मजल्यावरच्या साहेबांना आवाज खपत नाही. घरोघर वस्तू विकणारे लोक पाटी वाचून आधी शर्ट नीट खोचत आणि मग बेल वाजवत.

"साहेब आहेत का?"

"आहेत," आई सांगे. "झोपलेत."

"मग उठवू नका, उठवू नका. मी नंतर येतो."

आई खोटं बोलत नसे. साहेब खरोखरच झोपलेले असत, पाळण्यात.

पुढे इमारतीच्या समितीने साहेबांना सल्लागार म्हणून बिनविरोध निवडलं. साहेब तेव्हा तिसरीत होते. ते एकाही सभेला गेले नाहीत, आणि तरीही (किंवा म्हणूनच) त्यांच्या कारकिर्दीत जिन्यातले दिवे लागले, गच्चीची गळती थांबली आणि कुणाचं कुणाशी वाजलं नाही. मुदत संपल्यावर समितीने त्यांचे मनापासून आभार मानले. इतका शांत सल्लागार त्यांना परत मिळाला नाही.

एवढ्या मोठ्या माणसाच्या छायेत वाढणं एका लहान मुलीला सोपं गेलं नाही. टॉन्सिल काढायला नेली तर तिची खाट पुरुषांच्या वॉर्डात निघाली. कॉलेजच्या वसतिगृहात तिला मुलांच्या बाजूला खोली मिळाली. ती अर्थातच तिकडे गेली नाही, पण खोलीतला जोडीदार बरेच दिवस तिची गादी झटकून ठेवत होता म्हणे. लग्न ठरलं तेव्हा छापखान्यातून दोनदा फोन आला, की वधूचं नाव कळवायचं राहिलंय. तिसऱ्यांदा छापखानेवाला घसा खाकरून म्हणाला, "आमची काही हरकत नाही हो. पण दोन्ही घरी माहीत आहे ना?"

आणि नोकरी. बॉयलर तपासणाऱ्या एका कंपनीने नेमणुकीचं पत्र 'श्री.' लावून धाडलं. पगार ठरला, टेबल ठरलं, हाताखालची माणसं ठरली, आणि मग साहेब प्रत्यक्ष दिसली. वरिष्ठांनी बराच वेळ पत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पत्राकडे. पगार कमी करायचा तर त्याचं कारण लेखी द्यावं लागणार होतं, आणि ते कारण स्वतःच्या अक्षरात लिहायला कुणी धजेना. पगार तसाच राहिला. पलीकडच्या टेबलावर तिच्याइतकंच शिकलेली, तिच्याइतकंच काम करणारी, फुलाचं नाव असलेली एक बाई होती. तिला किती मिळतं, हे साहेबला पुढे कळलं.

ही एवढी गोष्ट तिने वडिलांना सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली असती, ही भीती होती. शिवाय आयुष्यभर एखाद्या नावावरून कुरकुर केल्यावर ते उपयोगी पडल्याचं कबूल करणं जिवावर येतं. तेव्हा वडील दर भेटीत, इतर बाप 'जेवलीस का' विचारतात तसं, विचारत, "मग? नावाचा काही उपयोग?" आणि ती म्हणे, "त्रास." वडील मान हलवत आणि कोरायला लागत.

त्या दुपारी वाद होता तो नातीच्या नावाचा. साहेबने ठरवलं होतं की मुलीला मऊ नाव ठेवायचं. दोन अक्षरांचं, उच्चारताना ओठांनाही फारसे कष्ट पडू नयेत असं. हल्ली सगळे तसंच ठेवतात. (शाळेत एकीला हाक मारली की अर्धा वर्ग उठतो, त्यामुळे हजेरी लवकर आटोपते.) वडिलांच्या मनात दुसरंच होतं. त्यांनी काढलेलं नाव असं होतं की, त्यापुढे साहेबचं स्वतःचं नावही जरा नाजूक वाटावं. त्यांनी दोन कोऱ्या पाट्यांवर खडूने दोन्ही नावं लिहिली. नात साहेबच्या हातात दिली आणि पहिली पाटी छातीशी धरली.

"आता लांब जा."

"बाबा, मला इथूनही वाचता येतं."

"वाचायचं नाहीये. वचक बसतो का बघ."

साहेब बाळाला घेऊन दारापर्यंत मागे सरकली. "नाही बसत. पण छान दिसतंय."

"छान," वडील म्हणाले, जणू पाटीला बुरशी आली होती. त्यांनी दुसरी धरली. "आणि हे?"

साहेब नकळत जराशी ताठ उभी राहिली. वडिलांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"बघ."

"बाळ सरकत होतं म्हणून," साहेब म्हणाली. "बाबा, तिला शाळेत चिडवतील."

"तुला चिडवायचे?"

"रोज."

"मग काय झालं?"

"काय व्हायचंय. धुतलं एकेकाला."

"म्हणजे नाव लागू पडलं." वडिलांनी पाटी खाली ठेवली आणि चष्मा काढला. "खरं सांग. नावाचा काही उपयोग झाला का तुला?"

"त्रास झाला. बाकी काही नाही."

"बरं. मग तुझी पोर, तू ठरव. मी कोण." ते रुसले की असं म्हणत. पण रुसवा धरून ठेवणं त्यांना जमत नसे. "उद्या ये. उजेडात पुन्हा बघू."

"उद्या हिला डॉक्टरकडे न्यायचंय. परवा येते."

"परवा ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गार झाला तरी वडील खुर्चीतून उठले नाहीत. आईला वाटलं, अजून रुसलेत. म्हणून तिने थोडा वेळ त्यांना हाकही मारली नाही.

माणूस गेल्यावर मागे राहणाऱ्यांना शोक आणि कामं अशा दोन गोष्टी करायच्या असतात. समाजाने कामांची संख्या अशी ठेवली आहे की शोकाला वेळ मिळू नये. ही फार सोयीची व्यवस्था आहे. वर्तमानपत्रात निधनाची चार ओळींची बातमी द्यायची होती. साहेबने नावं कळवली. तिथल्या दक्ष माणसाने ती वाचली, त्याला चूक दिसली आणि त्याने ती दुरुस्त केली. 'त्यांच्या मागे पत्नी, मुलगा, सून आणि नात असा परिवार आहे,' असं छापून आलं. अशा रीतीने जावयाला कळलं की तो सून आहे. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. त्या सगळ्या दिवसांत स्वयंपाक तोच करत होता आणि आई त्याला मीठ कमी पडल्याचं सांगत होती, त्यामुळे बातमीत फार खोटं असं काही नव्हतं.

गिऱ्हाइकं भेटायला येऊन बसत.

"आता मुलगा दुकान बघणार ना?"

"मुलगा मीच," साहेब सांगे.

"तसं नाही. मोठा मुलगा."

"तोही मीच."

बाकी कचेऱ्यांचा अनुभव असा आला, की साहेब नुसतं पत्र पाठवी तोवर काम पुढे सरके आणि ती स्वतः जाऊन उभी राहिली की जागच्या जागी थांबे. मग तिने जाणं सोडून दिलं. एका कामाला मात्र जावंच लागणार होतं. मुलीच्या जन्माच्या नोंदीत नावाची जागा कोरी होती, आणि ती भरायला आईने समक्ष यावं असा नियम होता.

जाण्याआधी घरात रीतसर ठरलं. मऊ नाव. आईने "तुला हवं ते कर" म्हटलं. नवऱ्याने चांगल्या सुनेसारखं "मला दोन्ही आवडतात" म्हटलं. वडिलांचं मत घेता येण्यासारखं नव्हतं, आणि ते सगळ्यांना माहीतही होतं.

नोंदणीच्या खिडकीत स्वेटर घातलेल्या एक कारकूनबाई होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाळाचं नाव?"

साहेबने तोंड उघडलं. मऊ नाव जिभेवर तयार होतं. बाहेर पडलं ते वडिलांनी काढलेलं.

बाईंनी मान वर केली. "इथे मुलगी लिहिलंय."

"मुलगीच आहे."

"हे मुलाचं नाव झालं."

"हो."

"म्हणजे नाव चुकलंय की मुलगी?"

"दोन्ही बरोबर आहे."

"अहो, असं करू नका," बाई पेन बाजूला ठेवत म्हणाल्या. त्यांचा सूर मायेचाच होता. "पोरीचे हाल होतात. चांगलं गोडसं काहीतरी ठेवा. विचार करा तोवर, आईचं नाव सांगा."

साहेबने स्वतःचं नाव सांगितलं.

"बाळाच्या वडिलांचं नाही, आईचं विचारलं."

"आईचंच आहे."

रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. बाळाने जांभई दिली. बाई खिडकीतून जराशा पुढे झुकल्या.

"मग तुम्हाला तर कळायला हवं. एवढं असलं नाव घेऊन तुम्हाला मिळालं काय?"

"तुमच्या दारावर पाटी कुणाची आहे?" साहेबने विचारलं.

"ह्यांची."

"घर त्यांचं?"

"घर माझं. मीच घेतलं. ते बदलीच्या गावी असतात." बाईंनी बाजूला ठेवलेलं पेन पुन्हा उचललं. "पण पाटी त्यांचीच. बरं दिसतं."

(इथे वाचकांनी हसू नये. ज्यांना हसू आलं असेल त्यांनी आधी उठून दाराबाहेर जावं, आपली पाटी नीट वाचावी आणि घरातल्या किती माणसांना तीत जागा उरली नाही ते बघून यावं. आम्ही थांबतो.)

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "मी विचारलं त्याचं सांगा."

"पगार मिळाला," साहेब म्हणाली. "पलीकडच्या बाईला मिळत नाही तेवढा." हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती, आणि तेही अनोळखी बाईला, पंधरा-वीस अनोळखी माणसांपुढे. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघत होता. रांगेतली कुजबूज थांबली. "बाबा विचारायचे, मी नाही म्हणायचे. त्रास झाला म्हणायचे. झालाच त्रास. पण पगार नसता मिळाला, काहीच नसतं मिळालं, तरी मी हे नाव दुसऱ्या कुणाला दिलं नसतं. मला माझं नाव आवडतं. लिहा."