नाना म्हात्र्यांचं कॅनडातलं मत

नाना म्हात्रे कलिंगड घ्यायला निघाले की रोह्याच्या बाजारातले फळवाले सावध व्हायचे. टिचकी मारून समाधान होणारा हा माणूस नव्हे. ते खिशातून लहानशी सुरी काढत, कलिंगडाला वर, मध्ये आणि बुडाला अशा चौकटी पाडत, तिन्हीकडची फोड सावकाश चावून खात आणि म्हणत, "मधलं बरं हाय. बुडाचं नाय पटत."

फळवाला हात जोडायचा. नाना त्याला शांतपणे समजावायचे, "अरं, टँकरचं पन असंच असतं. वरून एक, मधून एक, तळातून एक. त्याबिगर सँपल पुरं होत नाय."

नानांनी सगळी नोकरी रोह्याजवळ धाटावला, एका केमिकल कंपनीत केली. बाहेरून टँकर आला की त्यावर चढायचं, बाटलीत नमुना भरायचा, तपासायचा. नाना "सँपल पास" म्हणाले की मगच टँकर आत. रिटायर झाल्यावर टँकर बंद झाले, सँपलं चालूच राहिली. दही, डॉक्टर, नवीन भाडेकरू, कुणाचीही सुटका नव्हती.

मुलीला, वैशालीला, खांब गावच्या संतोषचं स्थळ आलं तेव्हा नाना हायवेवरच्या खांबच्या स्टॉपवर एसटीची वाट बघत असल्यासारखे बसून राहिले. एसट्या येत होत्या, जात होत्या, नाना बसलेलेच. पानवाल्याला विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं आणि नेमकं मुलाच्या सख्ख्या चुलत्यालाही विचारलं, "हा संतोष कसा हाय ओ?" चुलता म्हणाला, "पोरगा चांगला. पन हितं टिकायचा नाय, लय लांब जाईल."

नाना खूश होऊन परत आले. सँपल पास. लग्न झालं आणि थोड्याच काळात संतोष वैशालीला घेऊन कॅनडाला गेला.

"लांब म्हंजे पुन्याला, असं मना वाटलं होतं," नाना मला म्हणाले होते. मी हसलो. ते हसले नव्हते.

माझं रोह्यात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे आणि नानांचं घर मागच्याच गल्लीत. त्यामुळे त्यांचं बसणं-उठणं माझ्याकडेच. निवडणूक आली की त्यांच्या अंगात यायचं. प्रत्येक पक्षाच्या सभेला पहिल्या रांगेत बसायचे, टाळी एकदाही वाजवायचे नाहीत. उमेदवार दारात आला तर त्याला पाणी द्यायचे आणि विचारायचे, "तुमच्या घरासमोरच्या गटाराचं पानी जातं कुटं?" बहुतेकांना माहीत नसायचं. ते नापास. बऱ्याचदा सगळेच नापास व्हायचे. मग नाना त्यातल्या त्यात कमी नापासाला मत देऊन यायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

मी एकदा त्यांची चेष्टा केली तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. नाना मूळचे पेणकडचे, खाडीकाठच्या गावातले. खारं पाणी अडवणाऱ्या बांधाआड त्यांची भातशेती होती. नाना शाळेत असताना बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं. त्याच सुमारास निवडणूक होती. एक उमेदवार फुटलेल्या बांधावर उभा राहून म्हणाला, निवडून आलो की पहिलं काम हेच. नानांच्या वडिलांनी अनवाणी गावोगाव फिरून त्याला मतं मिळवून दिली. तो निवडून आला. बांध तसाच राहिला. शेतात खाऱ्या पाण्यातली तिवरं वाढली, भात पुन्हा झालं नाही.

"बाप रोज बांदावर जाऊन बसायचा," नाना म्हणाले. "आम्ही त्याला जेवायला बोलवायचो, तर बोलायचा, येतंय मानूस, थांबा. मरेपर्यंत तो मानूस यायचा होता."

त्यानंतर मी सभांवरून त्यांची चेष्टा केली नाही.

वैशालीची आई होती तोवर कॅनडाचा फोन तिचा होता. मायलेकी तासन् तास बोलायच्या आणि शेवटी नानांच्या हातात फोन यायचा. नाना म्हणायचे, "जेवलीस? थंडी हाय? बरं, ठेवतो." एवढंच त्यांचं संभाषण. वैशालीची आई गेली, वैशाली येऊन दिवसकार्य करून परत गेली, आणि मग फोन नानांच्याच वाट्याला आला. पण "जेवलीस, थंडी हाय, ठेवतो" याच्या पुढे काय बोलायचं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. फोन आला की ते घाबरल्यासारखे उभे राहायचे. फोन संपला की तो हातात धरून तसेच उभे.

वैशालीच्या मनात वडिलांना कायमचं तिकडे न्यायचं होतं. तशी योजना आहे म्हणे तिकडच्या सरकारची, आईवडिलांना बोलवून घेण्याची. नानांनी पासपोर्टही काढला होता. कुणी विचारलं तर म्हणायचे, "जायचं हाय. घाई नाय." पण एकदा मी त्यांना घराच्या खिडक्यांना आतून पत्रे मारताना पाहिलं. विचारलं तर म्हणाले, "बंद घरात उंदीर शिरतात ना."

अशात एका संध्याकाळी नाना धापा टाकत दुकानात आले.

"सुहास, कॅनडात किती पक्ष हायत?"

झालं होतं असं, की वैशालीला तिकडचं नागरिकत्व मिळालं होतं आणि देशाच्या निवडणुका लागल्या होत्या. तिचं पहिलंच मत. फोनवर बोलायला काही सुचेना तेव्हा ती सहज म्हणाली, "बाबा, मी कुणाला मत देऊ?"

मुलगी सहज म्हणाली, पण नानांनी ती जबाबदारी अंगावर घेतली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात कॅनडाची निवडणूक सुरू झाली. मी बातम्या वाचायच्या, मराठीत सांगायच्या, नानांनी डोळे मिटून ऐकायच्या. तिथेही पंतप्रधानाला थेट मत देत नाहीत, आपापल्या भागातला उमेदवार निवडतात, हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं. "म्हंजे आपल्यासारकंच हाय. मग घाबरायचं कारन नाय." मग म्हणाले, "नाय, आपल्यासारकंच हाय म्हंजे घाबरायलाच पायजे."

पक्षांची नावं त्यांच्या तोंडात बसेनात. त्यांनी त्यांना आपली नावं ठेवली. एक पक्ष आश्वासनं फार सुंदर रंगवायचा, त्याला ते म्हणत पेणवाले. "हमरापूरच्या गनपतीचं रंगकाम हाय. दिसायला झ्याक. पान्यात टिकंल का ते बगायचं." दुसरा पक्ष नोकऱ्या, कारखाने, घरखर्च यावरच बोलायचा, ते रोहेवाले. "वास येतो, पन चूल पेटते." तिसऱ्याचा पुढारी प्रत्येक प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बोलायचा. ते वडखळवाले. "नाक्यावर उबे हायत. अलिबागला वळतील का गोव्याला जातील, तेंचं तेंना ठाव नाय."

ही नावं गल्लीत इतकी रुळली, की समोरचा सलूनवाला दाढी करता करता ओरडून विचारायचा, "नाना, पेनवाले काय बोलतात आज?"

आणि फोन! "ठेवतो" म्हणणारे नाना आता अर्धा-अर्धा तास बोलत होते. वैशालीच्या दारात पेणवाल्यांचा उमेदवार येणार म्हटल्यावर नानांनी तिला बजावलं, "आदी पानी दे. मंग गटाराचं विचार."

तिने खरंच विचारलं. दुसऱ्या दिवशी ती हसत हसत सांगत होती, "बाबा, तो गोंधळला. म्हणाला, शोधून कळवतो. आणि संध्याकाळी चक्क कळवलं!"

नाना गंभीर झाले. "कळवलं? मंग बरा हाय मानूस."

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात मी वैशालीचं हसू पहिल्यांदा ऐकलं. एरवी तिचा आवाज फार थकलेला असायचा. तिचं मूल लहान. तिकडे पाळणाघर इतकं महाग, की नोकरी केली तर पगार तिथेच जायचा. म्हणून शिकलेली मुलगी घरात बसून होती. संतोष कामावर, बाहेर बर्फ, दिवसभर बोलायला माणूस नाही. हे तिने नानांना कधी सांगितलं नव्हतं. निवडणुकीच्या निमित्ताने, तुला काय पायजे सरकारकडून, असं नानांनी विचारलं तेव्हा एकदम बाहेर पडलं. बोलता बोलता ती रडली. नाना "रडू नको गो बाय, रडू नको," एवढंच म्हणत राहिले.

मतदान जवळ आलं तशी मी एक बातमी वाचली. रोहेवाले म्हणत होते, आम्ही आलो तर पाळणाघर सगळ्यांना परवडेल असं करू. त्याच बातमीत खाली होतं, की आईवडिलांना कायमचं बोलवून घेण्याची योजना मात्र काही वर्षं बंद ठेवू. पेणवाल्यांचं उलट होतं. ते आईवडिलांसाठी दार आणखी उघडणार होते, पाळणाघराबद्दल गप्प होते.

मी खालचं गाळून वाचणार होतो. पण नानांनी डोळे उघडले होते आणि ते स्क्रीनकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सगळं वाच."

मी वाचलं.

"पुन्ना वाच."

पुन्हा वाचलं. एक बाई झेरॉक्स काढून गेली. मग नानांनी विचारलं, "पाळनाघराचं पक्कं हाय ना? का बांदासारकं?"

मी म्हटलं, "नाना, ते मी कसं सांगू? पण त्यांचं जिथे राज्य आहे अशा एका प्रांतात त्यांनी केलंय, असं दिसतंय."

"केलंय ना? मंग झालं."

वैशालीचा फोन त्यांनी माझ्या दुकानातच घेतला. ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर लावलेला.

"बाय, रोहेवाल्यांना दे."

मग वैशाली म्हणाली, "बाबा, त्यांचं सगळं वाचलंत तुम्ही?"

"वाचलं."

"मग? मी पेणवाल्यांनाच देणार."

"येडी हायस का? मना तितं थंडी नाय झेपायची. गुडगे बग माजे. आनि मना रोह्याबिगर करमायचं हाय का कुटं?"

"खोटं बोलू नका बाबा. तुम्ही एकटे आहात तिथे."

आणि नाना चिडले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "मी एकटा हाय ते रोह्यात! तितं मत नाय माजं. तू हायस तितली, तुजं पोर हाय तितलं. तुजं घर उबं राहील तिकडं मत टाक. बापाकडं बगून मत टाकायचं नाय, समजलं?"

मग नानांनी हळू आवाजात विचारलं, "जेवलीस?" आणि फोन ठेवला.

मतदान झालं त्या दिवशी तिचा फोन आला. "दिलं बाबा. तुम्ही सांगितलं त्यांनाच. बाळ उठलंय, ठेवते हं."

तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. मी शटर वर केलं तर नाना पायरीवर बसलेले. आम्ही निकाल बघत बसलो. रोहेवाले आले. बऱ्यापैकी फरकाने आले. नाना उठले, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेऊन आले आणि सलूनवाल्यापासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना वाटले.

"नाना, मग आता कॅनडाला कधी?" सलूनवाल्याने विचारलं. त्याला योजनेचं काहीच माहीत नव्हतं.

"कोन जातंय थंडीत मरायला," नाना म्हणाले आणि त्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

पाळणाघराचं खरंच झालं. लगेच नाही, पण झालं. वैशालीला नोकरी लागली. मग फोन रविवारवर गेले, कधी तोही चुकायचा. "तिला टाइम नसतो आता," नाना सगळ्यांना सांगायचे, जणू काही तिला बढती मिळाली आहे. खिडक्यांचे पत्रे त्यांनी काढून टाकले. घर पुन्हा उजेडात आलं आणि आत एकटे बसलेले नाना रस्त्यावरून दिसायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात वैशाली मुलाला घेऊन सुट्टीवर आली. जायच्या आदल्या दिवशी ती तिकिटाची प्रिंट घ्यायला दुकानात आली. पैसे देताना खाली बघत म्हणाली, "सुहासदादा, मी बाबांशी खोटं बोलले. मत मी पेणवाल्यांनाच दिलं होतं. हात दुसरीकडे वळेनाच. त्यांना सांगू नका, फार लागेल त्यांना."

मी म्हटलं, नाही सांगत.

तिला विमानतळावर सोडून नाना परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे दुकानात येऊन बसले. चहा आला. त्यांनी तो निवू दिला. मी उगाच प्रिंटर उघडून साफ करत होतो.

"बोलली आसंल तुला," नाना म्हणाले.

"काय?"

"नको सांगू. मत गुप्त असतं." मग म्हणाले, "त्या दिशी फोन कसा झटक्यात ठेवला तिनं. ल्हानपनापासनं तशीच. खोटं बोलली की पळते."

"मग तुम्ही तिला काही बोलला नाहीत?"

"काय बोलू?" नानांनी निवलेला चहा एका दमात संपवला, कप बाकाखाली ठेवला. "जल्मात मी कदी निवडनुकीला उबा राहिलो नाय. माजी पोर तेवड्या लांब, बर्फातून जाऊन, मना मत देऊन आली. पडलो मी. पन पडलं ना एक मत माज्या नावानं."

ते उठले, चपला पायात घातल्या, आणि बाजाराकडे न जाता घराच्या दिशेने गेले.