टायगरला पाहायला

अकोल्यात कोणी आजारी पडले की त्याला पाहायला जावे लागते. जो जात नाही तो जन्मभर लक्षात राहतो. पाहिल्याने रोग्याला काय गुण येतो, हे मात्र कोणी विचारत नाही. हा नियम कुत्र्यांना लागू आहे किंवा कसे, याबाबत स्पष्ट आदेश नव्हते. त्यामुळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या जानरावांच्या टायगरचे अमरावतीला गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा लोकांनी सावधगिरी म्हणून येऊन जायचे ठरवले.

टायगर मांजरामागे जिन्यावरून उडी मारताना पडला होता. ऑपरेशन उत्तम झाले. उरले होते फिजिओथेरपीचे काम, आणि त्यासाठी डॉक्टर भावना महिन्यातून एकदा अमरावतीहून येत. त्यांनी टायगरचा पाय हलकेच वाकवून पाहिला आणि जानरावांच्या पत्नीला, इंदूबाईंना सांगितले, "काकू, पट्टा लावून रोज हळूहळू चालवा याला. वजन वाढू देऊ नका. चालला नाही तं पाय वाळत जाईल, मग जन्माचा लंगडा."

इंदूबाई घाबरल्या. मुलगी पुण्याला गेल्यापासून घरात त्यांच्या मागेमागे फिरणारा तेवढा एकच जीव होता.

टायगर चालू लागला आणि नेमके त्याच दुपारी अकोटचे साडू आले. एसटीने आले, उन्हातून आले, आणि दारात त्यांच्या स्वागताला टायगरच उभा.

"हा तं चालून राहिला," साडू खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "मले वाटलं लय सीरियस हाय."

जानरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. साडू गेल्यावर त्यांनी सुटलेले बँडेज टायगरला पुन्हा बांधले.

"अवो, डॉक्टरीणबाईनं चालवाले सांगतलं ना," इंदूबाई म्हणाल्या.

"मंग चालव ना रात्री. माणसं इतक्या दुरून येतेत आन हा त्यायच्यासमोर उंडारन, तं बरं दिसते का?"

रुग्णाने रुग्णासारखे दिसावे, एवढीच जानरावांची माफक अपेक्षा होती. टायगरनेही ती लवकरच समजून घेतली. उठले की ओरडा आणि पडले की पाहुण्यांनी आणलेली बिस्किटे, हे धोरण कळायला त्याला खात्यातली नोकरी करावी लागली नाही. फाटक वाजले की तो आडवा होई, दुखरा पाय पुढे करी आणि कण्हत असे. रात्री इंदूबाईंनी पट्टा लावला तरी तो उठेना. शेजारचे शेखरराव तर रोज येत आणि समाधानाने मान हलवत जात. पुढे वॉर्डातले भावी नगरसेवक आले. त्यांनी टायगरला शाल पांघरली, नारळ दिला आणि चौकात फ्लेक्स लावला : 'लवकर बरे व्हा.' आता फ्लेक्स उतरेपर्यंत बरे होणे शिष्टाचाराला धरून नव्हते.

डॉक्टर भावना पुढच्या खेपेला आल्या तेव्हा टायगर अंगाने रुंद आणि पायाने बारीक झाला होता. त्याला उठवायला दोघे लागले.

"काका, असाच ठेवाचा असन तं मला बोलावू नका," त्या म्हणाल्या.

इंदूबाईंच्या डोळ्यांना पाणी आले. "मले पाहुणे नाई पायजेत. मले टायगर चालता पायजे."

डॉक्टर म्हणाल्या, "पाहुणे येऊ द्या. बिस्किटं घेऊ नका. पट्टा त्यांच्या हातात द्या, चौकापर्यंत फिरवून आणतील."

ही सूचना जानरावांना प्रशासकीयदृष्ट्या योग्य वाटली. त्यांनी फाटकावर बोर्ड लावला : 'रुग्णास पाहण्यास येणाऱ्या प्रत्येक इसमाने सदर रुग्णास चौकापर्यंत पायी नेऊन परत आणणे बंधनकारक आहे. खाद्यपदार्थ स्वीकारले जाणार नाहीत. आदेशावरून.'

वर्दळ बंद झाली. शेखररावांना स्वतःची कंबर आठवली. साडूंनी फोनवरच तब्येत विचारली, कारण ऊन लय होते. भावी नगरसेवक येऊन गेले, पण बोर्डासोबत फोटो काढून फाटकावरूनच.

पाहायला कोणी नाही म्हटल्यावर टायगरला कण्हण्यात राम वाटेना. इंदूबाई त्याला रोज फिरवू लागल्या. फ्लेक्स उन्हाने पांढरा पडला तोवर टायगर सरळ चालत होता, आणि वेळ झाली की पट्टा स्वतःच तोंडात धरून आणत होता.

मग जानराव न्हाणीघरात घसरले. कमरेचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, घरी आले. डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितले होते, पण जानराव नव्या चादरीवर उशीला टेकून पडून राहिले. समोर खुर्च्या मांडलेल्या होत्या. आपण कोणाकोणाला पाहायला गेलो होतो, ते त्यांना सगळे तोंडपाठ होते. खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

"काहून कोणी येऊन नाई राहिलं वं?" त्यांनी विचारले. आवाज अगदी लहान झाला होता.

इंदूबाईंनी खिडकीतून पाहिले. "थो बोर्ड तसाच हाय ना फाटकावर."

तेवढ्यात टायगर आत आला. त्याने पट्टा जानरावांच्या छातीवर ठेवला आणि शेपूट हलवत उभा राहिला.

बाहेर एक स्कूटर थांबली. बोर्ड वाचला गेला आणि स्कूटर वळली. तिच्यावर कोण होते, ते जानरावांना दिसले नाही. घाबरू नका, आम्हीही सांगणार नाही. फक्त तुमच्या डिकीत राहिलेला तो बिस्किटांचा पुडा मुंग्या लागायच्या आत काढून घ्या.