दर रविवारी सासऱ्यांना मारणारा साडू

माझा साडू अभिजित दर रविवारी सकाळी आमच्या सासऱ्यांना मारतो.

म्हणजे तसं नव्हे. आंबिवलीला त्यांच्या दोन खोल्यांत जाऊन बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, "समजा, बाबा मेले." की सासरे हौसेने पेपर तोंडावर घेऊन खाटेवर आडवे होतात. सासूबाई म्हणतात, "चहा संपवून तरी मरा."

कारण काय, तर अभ्यास. एकच काम अनेक कॉम्प्युटरांवर वाटून चालवायचं आणि त्यातला एखादा बंद पडला तरी गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, असली सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची एक सर्टिफिकेट परीक्षा असते. अभिजित सॉफ्टवेअरवाला, मीही सॉफ्टवेअरवाला. दोघंही ती देणार होतो. मी कोपरच्या घरी बेडरूमचं दार लावून अभ्यास करायचो, आणि हा अख्ख्या सासुरवाडीचे कॉम्प्युटर करायचा.

एका रविवारी मीही त्यात सापडलो. सासरे मुख्य मशीन. सासूबाई, माझी बायको रेखा, तिची धाकटी बहीण म्हणजे अभिजितची बायको स्मिता, आणि मी, अशी उरलेली चार.

"मुख्य गेला. आता मतं देऊन नवीन मुख्य निवडा. बहुमत पाहिजे," अभिजितने फर्मावलं.

चौघांनीही स्वतःलाच मत दिलं.

"हेच! अगदी हेच होतं खऱ्या सिस्टीममध्ये!" हा नाचायचाच बाकी राहिला. "आता प्रत्येकाने थोडं कमीजास्त थांबायचं. ज्याचं थांबणं आधी संपेल, त्याने मत मागायचं."

पुन्हा खेळ झाला आणि रेखा मुख्य झाली. तेवढ्यात सासरे उठून बसले आणि मटण आणायला कोण जातंय, म्हणून विचारू लागले.

"बाबा, तुम्ही मेलेले आहात!" रेखा ओरडली.

"बघा, हा पुढचा प्रॉब्लेम," अभिजित म्हणाला. "मेलेला परत आला, की त्याला वाटतं अजून आपणच मालक."

"यांना लग्नापासून वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

सगळं घर पोट धरून हसलं. मी हसलो नाही. नेमका हाच प्रश्न माझा सराव परीक्षेत चुकला होता.

खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट व्हायचा. थोरला जावई मी. इतकी वर्षं झाली तरी मला अजून "संजयराव, बसा ना आपण." पोहे काचेच्या बशीत, वर खोबरं. आणि हा काल आलेला? "अभ्या, लसूण सोल रे!" तो स्वयंपाकघरात फतकल मारून लसूण सोलतो आणि सासूबाई त्याच्या पाठीत धपाटा घालतात. मला कधी कुणी धपाटा घातला नाही. माझ्यासाठी खुर्ची पुसतात.

वर हा मलाच शिकवणार. "साडूभाऊ, निरोप पाठवला आणि पोच आली नाही, तर काय समजायचं?"

"काय समजायचं?"

"काहीच नाही. परत पाठवायचा. फक्त निरोप असा पाहिजे, की दोनदा पोचला तरी नुकसान होऊ नये." आणि लगेच आत बघून, "आई, बिरडं मस्त झालंय." मग दोन मिनिटांनी परत तेच. सासूबाईंचं त्याने कधीही नुकसान झालं नाही.

रेखा म्हणायची, "तुम्ही पण येत जा ना दर रविवारी." मी म्हणायचो, "जावयाने ऊठसूट सासरी जाऊ नये. अतिपरिचयात अवज्ञा." मनात ठरवून टाकलेलं, याच्या आधी पास व्हायचं, आंबिवलीत पेढे वाटायचे आणि याचं तोंड बघायचं.

आणि झालो की पास! ठाण्याच्या सेंटरवर तिथल्या तिथे स्क्रीनवर निकाल. पेढे घेतले. रविवारपर्यंत धीर कुठला निघतोय? अभिजितचा फ्लॅट जवळच, बाळकुमला. म्हटलं, आधी तिथेच जाऊन मीठ चोळू.

अभिजित घरी नव्हता. स्मिताने पेढा घेतला. मी मोठेपणाने म्हटलं, "त्याला सांग, खचून जाऊ नको म्हणावं. होईल हळूहळू."

स्मिताने हातातला पेढा खाली ठेवला. मग म्हणाली, "जिजू, ताईला बोलू नका हं. तो गणपतीच्या आधीच पास झालाय. पहिल्या फटक्यात."

"मग दर रविवारी बाबांना मारतो ते?"

"आईवडील लहानपणीच गेले ना त्याचे, मामाकडे वाढला. तिथे कामापुरतं घरात घ्यायचे. दळण आणलंस? मग आता बस बाहेर. अजून त्याला वाटतं, कारण असल्याशिवाय कुणाच्या घरात बसू नये. पास झालो सांगितलं तर कुठल्या तोंडाने दर रविवारी जाऊ, म्हणतो. मी बोलले, अरे, तुझंच घर आहे ते. तर म्हणे, असू दे गं, अभ्यास चालू आहे असंच म्हणू या."

वाईट वाटलं मला. आणि लेकाचा माझ्या आधी पास झाला म्हणून रागही आला. दोन्ही एकदम.

रविवारी आंबिवलीला पेढे वाटले. सासऱ्यांनी उठून माझा हात हातात घेतला. सगळ्यात जोरात टाळ्या अभिजितने वाजवल्या. की झालं! सगळी खोली त्याच्याकडेच कळवळून बघायला लागली. सासूबाईंनी स्वतःचा पेढाही त्याच्या हातावर ठेवला. "तू पण होशील रे बाळा." माझ्या विजयाच्या दिवशीसुद्धा लाड त्याचेच!

"संजयराव, तुम्हाला आता अनुभव आहे," सासरे म्हणाले. "आमचा अभ्या कधीपर्यंत सुटेल?"

अभिजित हातातल्या पेढ्यांकडे बघत राहिला. स्मिताने माझ्याकडे बघायचं टाळलं. जिभेवर वाक्य तयार होतं. ते एवढं बोललो असतो, तर त्याचे रविवार त्याच दिवशी संपले असते.

"पेपर भयंकर कठीण असतो, बाबा," मी म्हटलं. "याला बराच वेळ लागेल. आणि घरी एकटा बसून तर व्हायचाच नाही. दर रविवारी इथेच येऊ दे त्याला."

"मग येईल की! आम्ही कुठे नको म्हणतोय?" सासूबाई म्हणाल्या.

अभिजित उठून मोरीत तोंड धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता आणि आमच्यापैकी कुणी त्याला हाक मारली नाही.