दोन हिऱ्यांमधला काळा कण

साल १९९२. माझं वय पंचावन्न, शाळा चौथीपर्यंत. छत्रीबाग मोहल्ल्यात आमच्या शेजारच्या खोलीत टिल्लूजी एकटे राहायचे. घरी हा माणूस कुठलीच गोष्ट आवळत नसे. बुटांच्या नाड्या लोंबत्या, बरणीचं झाकण नुसतं टेकवलेलं, नळ टपकता. आमच्या कुकरची पहिली शिट्टी झाली की दारात हजर. "काकू, बस हो गया! उतरवा आता!" आमची डाळ कायम कच्ची.

का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "काका, दिवसभर दाबतोच ना. घरी तरी नको."

ते वैज्ञानिक होते. दाबायचे काय, तर खसखशीहून बारीक एक काळा कण. तोही दोन हिऱ्यांच्या मधे धरून, पेच फिरवून.

"हिरे? मग भाड्यानं का राहता भिया?"

"सरकारी आहेत हो!"

मला समजलं ते असं. त्या कणात अणूंचे थर असतात, कापडाच्या थानातल्या घड्यांसारखे. खूप गार केला की त्यातून वीज जाते ती जरासुद्धा वाया न जाता. दाबला की थर जवळ येतात, मग कमी गारव्यातही तेच जमतं. पण हद्दीबाहेर दाबला तर थरांची मांडणीच बदलते आणि गुण जातो.

"दाब काढला की पहिल्यासारखा होतो?"

"कधी होतो. कधी नाही."

माझी कापड मिल बंद पडलेली. तरी मी रोज डबा घेऊन फाटकावर जायचो. पोरगा म्हणे, सांवेर रोडच्या कारखान्यात चौकीदारी मिळतेय. मी विणाई खात्यातला जॉबर, मागांवरचा मुकादम. दुसऱ्याचं गेट राखायचं? हट्!

संध्याकाळी टिल्लूजी लांबूनच विचारायचे, "उघडली?"

"नाही. तुमचा टिकला?"

"टिकला!"

दिवसातली एवढीच काय ती बरी खबर.

मग एक दिवस फाटकावर नोटीस लागली. मिल कायमची बंद. त्या संध्याकाळी टिल्लूजी आले ते मान खाली घालून. काही विचारलंच नाही. मीच म्हटलं, "टिकला?"

"हिरा तडकला, काका. कणाचं पीठ झालं. तसा दुसरा नाही माझ्याकडे."

"असं कसं? तुम्ही तर केवढं हळू फिरवता."

ते म्हणाले, "सकाळी चहाच्या टपरीवर मिलचं कळलं. म्हटलं, आज तरी काकांना काही मोठं सांगायला हवं. घाईत पेच जास्त फिरवला. मला तरी सांगायला दुसरं कोण आहे?"

मला भयंकर चीड आली. कुणाची, ते कळेना. "अरे यार," एवढंच तोंडातून निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेतला नाही. टिल्लूजींबरोबर बस थांब्यापर्यंत गेलो. त्यांची बस गेली. मिलकडे वळावं की सांवेर रोडकडे, ते ठरेना. तिथेच उभा राहिलो.