तीन खोकल्यांचा अर्थ

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमचे हे इंटरनेटच्या वायरीत राहायला गेले. जाताना चष्मा नेला, कवळी विसरले.

मी काही बोभाटा केला नाही. माझ्या जावेचा नवरा कधीपासून गच्चीत राहतोय, तिला कुणी विचारतं का? संध्याकाळी भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याचा हिरवा दिवा लुकलुकला की समजायचं, हे आहेत. मी डब्याखाली चहा ठेवायची. कप तसाच राहायचा, पण ठेवायची.

उन्हाळ्यात नेटवाल्यांनी कळवलं, पेठेतल्या सगळ्या जुन्या वायरी काढणार आणि काचेच्या घालणार. मी त्यांच्या हापिसात गेले. थोरवतसाहेब म्हणाले, "वायरीत माणूस आहे का?"

"आहे की. नवरा आहे."

"मग त्यांचं म्हणणं घ्यावं लागेल. बाहेर येतो म्हणाले तर काढू. नव्या वायरीत जातो म्हणाले तर हलवू."

"आणि यातलं काहीच नाही म्हणाले तर?"

"वायर भंगारात."

"आणि ते?"

"ते वायरीतच आहेत ना?" साहेब म्हणाले.

वायर शुक्रवारी उतरवणार होते. त्याआधी हापिसातली इंजिनेर पोरगी घरी आली, मुल्लांची नाझनीन. तिच्या लॅपटॉपात पाळत ठेवायचं मशीन होतं. वायरीतून जे जाईल ते धरायचं आणि त्याच्यापुढे ते काय आहे ते लिहायचं. सुनेचा सिनेमा गेला, नातवाचा गेम गेला, सगळं बरोबर सांगितलं. मधेमधे लाल ओळी यायच्या. त्यांच्यापुढे लिहिलेलं, अनोळखी.

"हेच काका," नाझनीन म्हणाली. "मशीनला त्यांची भाषा येत नाही. त्या भाषेचं प्लगिन लिहून जोडलं की वाचेल. काका कसे बोलतात?"

"खोकतात."

"ते झालं. पण बोलतात कसे?"

"लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली, बाई. बोलले की सांगते."

मग मी सांगत गेले आणि ती टकाटका लिहीत गेली. एक खोकला म्हणजे चहा. दोन म्हणजे पाहुण्याला आता उठव. घसा खाकरून एक म्हणजे तुझं बरोबर आहे, पण मी तसं म्हणणार नाही.

"आणि तीन?"

हे खिडकीशी उभे राहून तीन खोकले काढायचे. कशाचे, ते मला कधी कळलं नाही. माझे हात पिठात असायचे, विचारायचं राहिलं. पण एवढ्याशा पोरीपुढे माहीत नाही कोण म्हणणार?

"लिही," म्हटलं. "तीन म्हणजे, सात जन्म हीच बायको दे."

"खरंच, काकी?"

"मग! दिसतात तसे नाहीत ते. भारी रंगेल."

ती हसली. तिने लिहिलं, खाली माझी सही घेतली आणि प्लगिन जोडलं.

लाल ओळी निळ्या झाल्या. सात जन्म हीच बायको दे. सात जन्म हीच बायको दे. वरून खाली दुसरं काही येईचना. आधी मला हसू आलं. मग येईना.

"एकच एक काय लावलंय यांनी?"

"पोचलं असं उत्तर मिळालं नाही, की वायरीत तेच परत पाठवतात, काकी. मिळेपर्यंत."

"मग दे की उत्तर!"

"हे मशीन नुसतं ऐकतं. बोलायची सोय नाही यात."

मी डब्याला तोंड लावून ओरडले, "अहो, पोचलं! पोचलं!" दिवा लुकलुकतच राहिला.

हापिसात साहेबांनी सगळं शांतपणे वाचलं. "बाहेर येतो असं यात नाही. हलवा असंही नाही. बायकोबद्दल समाधान आहे. मागणी काही नाही."

"साहेब, ते मी थट्टेनं सांगितलं होतं."

"मग खरा अर्थ काय?"

"नव्या वायरीत हलवा," मी लगेच म्हटलं. नाझनीन खाली बघत राहिली.

"सही केलेला अर्थ बदलायचा तर बोलणाऱ्याची संमती लागते. काकांना तसं सांगायला लावा."

"ते तीनदाच खोकतायत हो, साहेब."

"त्याचा अर्थ आमच्याकडे आहे." साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. माणूस वाईट नाही.

शुक्रवारी वायर उतरवली, वेटोळं केलं आणि टेम्पोत टाकलं. नव्या वायरीचा दिवा लुकलुकत नाही, एकसारखा जळतो. सिनेमा अडकत नाही म्हणून सून खूश आहे.

मी रोज संध्याकाळी नाक्यावरच्या शिकलगार भंगारवाल्याकडे जाते. साऱ्या पेठेची वेटोळी तिथे रचून ठेवलीत. आमचं कुठलं, ते कळत नाही. पदरात कवळी असते. ढिगापाशी उभी राहते आणि तीनदा खोकते. जरा थांबून परत तीनदा.

"आजी, खोकला वाढलाय तुमचा," शिकलगार म्हणतो. "औषध घ्या की."

"घेते," म्हणते मी.