भाकरीचं विषयांतर

खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा करणं हे प्रत्येक सजीवाचं आद्य कर्तव्य आहे. ते नीट शिकता यावं म्हणूनच टीव्ही सेंटरजवळच्या आमच्या माइटोकाँड्रिया क्लासेसमध्ये डबा आणायला सक्त मनाई आहे.

आमचे संचालक इंद्रजीत सर सायट्रिक आम्लाचं चक्र फळ्यावर शिकवत नाहीत. फळ्यावर काय, कुणीही शिकवेल! सर आठ मुलांना गोल उभं करतात आणि एकेकाला एकेक आम्ल नेमून देतात. पहिला ओरडतो 'सायट्रेट', शेजारचा 'आयसोसायट्रेट', असं करत आवाज गोल फिरतो. पेशीत दर फेऱ्याला दोन कार्बन आत येतात आणि दोन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. सर शास्त्राला धरून असल्यामुळे तेही दर शनिवारी दोन नवे प्रवेश आत घेतात आणि अडखळलेली दोन मुलं बाहेर सोडतात. (शंभर टक्के पालक समाधानी आहेत. बाहेर पडलेल्यांच्या आईबापांना आम्ही पालक धरत नाही.)

पाचोडची तनुजा आमची सक्सिनेट. तिच्या घराण्यातून डॉक्टर व्हायला निघालेली पहिलीच पोर. वर्ग सकाळी सहाला भरतो, वसतिगृहात नाश्ता आठला मिळतो. ही अडचण सरांनी नाश्ता वगळून कायमची मिटवली आहे.

परवाच्या शनिवारी तिची आई, सरूबाई, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून थेट वर्गाच्या दारात आली.

"सर, पोरगी कालपासून उपाशी हाय. एवढी भाकर खाऊ द्या, मंग काय फिरवायचं ते फिरवा."

"बाई, भाकरीची ऊर्जा कशी होते, तेच तर शिकवतोय आम्ही," सर शांतपणे म्हणाले. "मधेच भाकरी आणून विषयांतर करू नका."

तेवढ्यात फेरा तनुजापाशी आला. ती "सक्" एवढंच म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"सक्सिनेट खाली बसत नाही," सर म्हणाले. "त्याचं फ्युमरेट होतं."

"चुलीत घाला तुमचं फ्युमरेट!" म्हणत सरूबाईनं लेकीला उचललं, बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि घास भरवले. दुसरी भाकरी संपता संपता तनुजानं आठही आम्लं भरल्या तोंडानं, न अडखळता म्हणून दाखवली. मला स्वतःला लई कौतुक वाटलं. पण बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड चक्रात परत घेता येत नाही. सरांचाही नाइलाज झाला. मायलेकी दुपारच्या एसटीनं पाचोडला गेल्या.

जागा रिकामी झाल्याचं कळताच फोन सुरू झाले. आम्ही कुणापासूनच काही लपवलं नाही. तुमचा फोन आला, तेव्हा तुम्हालाही ही सगळी हकिगत सांगितली. तुम्ही "अरेरे" म्हणालात. मग विचारलंत, "आमचा मुलगा तसाही सकाळी काही खात नाही. जागा पक्की समजू ना?"